मुक्काम किती दिवसांचा?

धुळ्याहून पारोळ्याकडे जाणारी सकाळची एसटी फलाटाला लागली, की कोकिळा मागच्या चाकावरची सीट धरायची. तिथे हादरे फार बसतात, पाय दुमडून बसावं लागतं, म्हणून ती सीट गर्दीतही शेवटपर्यंत रिकामी राहते. बसल्याबसल्या ती पदर डोक्यावरून घेऊन खिडकीच्या गजाला कपाळ टेकवायची, आणि गाडीने फागणे मागे टाकायच्या आत तिला झोप लागायची. पारोळा आलं की कंडक्टर तिकिटाच्या मशीनने सीटच्या दांडीवर टकटक करायचा. "उतरा मॅडम. पोरं वाट पाहत असतील." तिथून पुढे काळीपिवळी जीप, जीप भरेपर्यंत थांबणं, आणि मग गावाबाहेरच्या चढावरची शाळा.

त्या ऑक्टोबरात संध्याकाळ झाली की तिचे पाय सुजायला लागले होते. डॉक्टरांनी दिवसातून थोडा वेळ पाय उंचावर ठेवून बसायला सांगितलं होतं. कुठे बसायचं, ते काही सांगितलं नव्हतं.

कोकिळा शिरपूरकडची. वडील जीवराम जिनिंगमध्ये कामाला होते. बी.ए. झाल्यावर तिचं लग्न धुळ्यात झालं. नवरा रुपचंद कापडाच्या दुकानात होता, स्वभावाने शांत, घरात त्रास कसला नव्हता. तिने एका तिकीट बुकिंगच्या ऑफिसात काउंटर सांभाळला, तो सांभाळता सांभाळता पर्यटनाची पदविका घेतली. लॉकडाऊनमध्ये ते ऑफिस बंद पडलं, ते उघडलंच नाही. मग या शाळेत अकरावी-बारावीला पर्यटन हा विषय सुरू झाला आणि त्याला प्रशिक्षक म्हणून ती कंत्राटावर लागली. दरवर्षी नव्याने नेमणूक, दरवर्षी नव्याने धाकधूक.

दर जूनमध्ये तिला घरोघर फिरून हा विषय समजावून सांगावा लागे. "फिरायचं शिकायला शाळा कशाले लागस?" असं कुणीतरी हमखास विचारी, आणि ओट्यावर बसलेले बाकीचे हसत. स्टाफरूममध्ये इतिहासाचे गिरधर सर तिला आत येताना पाहून म्हणत, "या, या. आज कुठे काश्मीर का केरळ?"

"आज नववी ब वर ऑफ तास," ती म्हणे आणि पर्स खुंटीला अडकवी.

पर्यटनाचा वर्ग प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत भरे. दोन बाक जोडून त्यावर टेबलक्लॉथ टाकला की रिसेप्शनचा काउंटर तयार. शाळेच्या ऑफिसातला बंद पडलेला फोन त्यावर ठेवलेला. एका मुलाने काउंटरमागे उभं राहायचं, दुसऱ्याने प्रवासी होऊन यायचं. मुलांना प्रवासी व्हायची फार हौस. प्रत्येक जण गॉगल लावून गोरा साहेब व्हायचा आणि नाकातून बोलायचा, "आय वाँट एसी! नो मच्छर!" सगळा वर्ग हसून लोळायचा. मुली मात्र काउंटरमागे गेल्या की पदराशी चाळा करावा तशी ओढणी पिळत आणि मान खाली घालून बोलत.

भाविका तशी नव्हती. ती सरळ उभी राहायची. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून म्हणायची, "नमस्कार. आमच्याकडे आपलं स्वागत आहे. आपलं नाव? कुठून आलात? मुक्काम किती दिवसांचा? निघणार कधी?" तिचा आवाज खोलीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत स्पष्ट जायचा. हिला शिकवायला फारसं काही उरलेलं नाही, असं कोकिळाला दिवाळीच्या आधीच वाटू लागलं होतं.

पण शिकवण्याने भागत नव्हतं. बारावीला दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण घ्यायचं असे. मुलांचं सोपं होतं, ती धुळ्याच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे जात. मुलींसाठी कोकिळाने जळगावच्या हायवेवरचं एक हॉटेल बोलून ठेवलं होतं. तिथल्या मॅनेजरचं नाव ललित. तरुण, कामाचा, तोंडाचा गोड, पण यंदा फोनवर तो सरळच बोलला होता.

"मॅडम, मागच्या वर्षी तुम्ही पाच मुलींची नावं दिली. आम्ही ड्रेस शिवून घेतले. एक तरी आली का?"

"नाही आली, सर. घरून..."

"घरून काय ते मला नका सांगू. यंदा एकच द्या, पण खात्रीची द्या. ती चांगली निघाली तर बारावीनंतर मी तिला कामावर घेतो, शब्द देतो. आणि यंदाही कोणी आलं नाही, तर मग पुढच्या वर्षीपासून आपण हे राहू देऊ."

खात्रीची एकच होती. आणि भाविकाच्या घरी बारावीनंतर स्थळं बघायचं ठरलेलं होतं. कामाला लागली तर दोन वर्षं थांबू, असं तिचा बाप प्रेमराज एकदा बोलून गेला होता. ते दोन वर्षांचे शब्द भाविकाने मनात धरून ठेवले होते. म्हणजे ती हॉटेलात जाते की नाही, यावर तिचंही ठरणार होतं आणि शाळेतल्या पुढच्या मुलींचंही.

प्रेमराज तयार होता. आई रत्ना तयार होती, जरी सुट्टीचे दिवस म्हणजे कापूस वेचायचे दिवस आणि घरातला एक हात कमी होणार होता. पण त्या घरात शेवटचा शब्द प्रेमराजच्या थोरल्या बहिणीचा, बेबाबाईचा. अख्खी गल्ली तिला अक्का म्हणे, आणि भाविका खानदेशी रीतीने फुई म्हणे. बेबाबाई म्हणाली, "आधी मी ती जागा दखसू. मंग सांगसू."

जागा दाखवायची सोय होती. दरवर्षी दिवाळीआधी हॉटेलला एक दिवसाची क्षेत्रभेट निघे. पहिल्याच वर्षी पालकांनी अट घातली होती की मुलीसोबत घरची एक बाई येईल. कोकिळाने तेव्हा हो म्हटलं, आणि त्याचा रिवाज पडला. आता क्षेत्रभेटीच्या मिनीबसमध्ये जितक्या मुली, तितक्याच आज्या, काकवा आणि माम्या असत. मुलगे मागच्या सीटवर कोंबले जात.

बस सकाळी निघाली तेव्हा पहिला अर्धा तास खिडकीवरून भांडण झालं. एरंडोल आलं तशी एक आजी म्हणाली, "इतलं जवय उनूत, तं पद्मालयना गणपती काबर चुकाडाना?" मागून दहा जणींनी माना डोलावल्या. कोकिळा म्हणाली, "आपल्याला हॉटेलवर अकराची वेळ दिलीय." कोणी ऐकलं नाही. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, गाडी वळवली. देवदर्शन झालं, तळ्यातली कमळं पाहून झाली, मग झाडाखाली फडकी सुटली. कळण्याच्या भाकरी, ठेचा, कांदा, दादर ज्वारीचे पापड. कोकिळाने ललितला दोनदा फोन करून उशीर कळवला आणि पायरीवर पाय लांब करून बसली. बेबाबाईने तिच्या हातात भाकरी दिली.

"खाई ल्या, मॅडम. तुमनं तोंड कितलं उतरी जायेल शे."

बेबाबाई बुटकी, काटक, पन्नाशीच्या पुढची. कपाळावर गोंदण होतं, कुंकू नव्हतं. बसमध्ये ती कोणाशी भांडली नव्हती. मिळालेल्या जागेवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. कोकिळाला तिच्याबद्दल भीती होती ती नेहमीच्या प्रश्नांची. पुरुष किती, घरी परत यायला वेळ किती होईल, कपडे कोणते घालायचे, दारू चालते का. या सगळ्यांची उत्तरं तिने पाठ करून ठेवली होती. मुलगी अंधार पडायच्या आत घरी. रिसेप्शनवर दुसरी बाई असतेच. ड्रेस म्हणजे पूर्ण बाह्यांचा कुर्ता.

हॉटेलच्या काचेच्या दाराशी सगळ्या बायांनी चपला काढल्या. वॉचमन "नाही काढायच्या, मावशी, राहू द्या" म्हणत राहिला, आणि बघता बघता दारात चपलांचा ढीग झाला. ललितने हसून स्वागत केलं, सगळ्यांना सरबत दिलं, खोल्या दाखवल्या, स्वयंपाकघर दाखवलं. पांढऱ्या चादरीच्या कोपऱ्याची घडी पाहून एक काकू म्हणाली, "यामा कोन्ही झोपस का फक्त दखस?" ललितही मनापासून हसला. कोकिळाला वाटलं, आज जमतंय.

मग तो भाविकाला म्हणाला, "चल, आता तू दाखव."

भाविका खऱ्या काउंटरमागे उभी राहिली. तेवढ्यात खराच एक माणूस आत आला. साठीच्या आसपासचा, हातात बॅग, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. ललितने त्याला खुणेनेच विचारलं, ही शिकाऊ मुलगी आहे, चालेल का. त्याने मान हलवली. भाविकाने अगदी वर्गात म्हणायची तसं म्हटलं,

"नमस्कार. आमच्याकडे आपलं स्वागत आहे. आपलं नाव?"

"बोरसे. पितांबर बोरसे."

"कुठून आलात?"

"दोंडाईचाहून."

"ओळखपत्र देता का? मुक्काम किती दिवसांचा? आणि निघणार कधी?"

लॉबीतल्या कोचावर बाया टोकाटोकाला बसल्या होत्या. त्यांच्यातून बेबाबाई उठली. अनवाणी चालत काउंटरपाशी आली.

"भाविका! काय इचारी राहिनी तू?"

"फुई, थांब ना..."

"त्या आते दारमा उनात. उन्हामाथीन उनात. पानी नही, बठा नही, आनि तू इचारस, कव्हय जाशात? शायमा हाई शिकाडतस तुले?"

भाविका लाल झाली. मागे पोरांपैकी कोणीतरी फिसकन हसलं. पितांबर बोरसे बॅग खाली ठेवून म्हणाले, "असू द्या, ताई. इथे विचारतातच. मला उद्या सकाळी जायचंच आहे."

"तुमले जावानं शे ते तुम्ही सांगशात, भाऊ. आपन इचारानं नही." मग भाविकाकडे वळून, "पानी आन पहिले."

भाविका पाणी आणायला गेली. कुठे मिळतं ते तिला ठाऊक नव्हतं, ती चुकीच्या दारातून आत गेली आणि परत आली. शेवटी हॉटेलच्या मुलीनेच बाटली आणून दिली. बोरसे पाणी प्याले, तसेच उभे राहून, सगळ्या बायांच्या देखत, आणि किल्ली घेऊन लिफ्टकडे गेले.

ललित कोकिळाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, असं नाही हो चालत."

"मला कळतं, सर."

"मुलगी छान आहे. पण रोज घरचं कोणी येऊन..."

"मला कळतं," ती पुन्हा म्हणाली. तिचे पाय ठणकत होते आणि तिला एवढंच वाटत होतं की बायांनी लवकर चपला घालाव्यात.

परतीच्या वाटेवर बस शांत होती. सकाळच्या खिडकीवाल्या झोपल्या होत्या. भाविका खिडकीकडे तोंड करून बसली होती. कोकिळा पुढून उठून बेबाबाईजवळ गेली आणि दांडीला धरून उभी राहिली.

"अक्का, तुम्ही काय ठरवलं?"

"नही धाडानी."

"का? पुरुषांचं म्हणाल तर..."

"मान्सं चांगला शेतस. तो पोर्‍या बी चांगला शे. जागा साफ शे."

"मग?"

भाविकाच खिडकीकडून वळली. "फुई, ते हॉटेल शे. घर नही."

"माले माहीत शे, हॉटेल शे. मी काय येडी शे का?"

"मंग?"

"मंग काही नही. अशी इचारानी सवय लागनी म्हंजे घरमा बी लागस. मन्ही पोरनी सवय खराब नही करानी."

कोकिळाने पाठ केलेल्या उत्तरांत हे कुठेच बसत नव्हतं. ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि पारोळा येईपर्यंत डोळे मिटून राहिली. पण तिला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ललितचा निरोप आला. उद्यापर्यंत नाव कळवा, नाहीतर मी दुसऱ्या कॉलेजच्या मुलींना हो म्हणतो. शाळा सुटल्यावर कोकिळा भाविकाच्या घरी गेली. शेवटची काळीपिवळी दिवस मावळायच्या आत निघे, आणि पारोळ्याहून धुळ्याची गाडी त्यावर अवलंबून.

घर गल्लीच्या टोकाला होतं. पुढच्या पडवीत वेचलेला कापूस ढिगाने पडला होता आणि बेबाबाई त्यातला काडीकचरा निवडत होती. कोकिळाला पाहून ती उठली. भाविकाने पाणी आणलं. मग रत्नाने चहा आणला. चहा झाल्यावर बेबाबाई म्हणाली, "शेवनी भाजी टाक वं." कोकिळा "नको, नको" म्हणाली, ते कोणी ऐकण्यातलं नव्हतं. आत कढईत फोडणी पडल्याचा आवाज आला. कोकिळाने विषय काढला, की बेबाबाई "खाई ल्या आधी" म्हणायची. गल्लीतून एक जीप हॉर्न वाजवत गेली. ती काळीपिवळी होती की दुसरी, हे कोकिळाला बसल्या जागेवरून कळलं नाही. उठावं तर भाजी चुलीवर. न उठावं तर गाडी गेली. चार वर्षं ती या गावात घरोघर अशीच अडकत आली होती. प्रत्येक जूनमध्ये, प्रत्येक ओट्यावर, खाल्ल्याशिवाय उठता येत नसे. मग पारोळ्याला तासन् तास थांबायचं, आणि रुपचंद जेवायचा थांबून राहिलेला असायचा.

ताट पुढ्यात आलं. तिने पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं. ते थोडं रश्शाच्या तिखटाचं होतं, पण सगळं तिखटाचं नव्हतं.

"काय व्हयनं, मॅडम?" रत्ना घाबरली.

"काही नाही, वहिनी." कोकिळाने ताट थोडं बाजूला सरकवलं. तिला शिकवायचं नव्हतं, पटवायचं नव्हतं, तेवढी ताकदच नव्हती. ती नुसतं बोलली. "अक्का, मी रोज धुळ्याहून येते. तुमच्या गावात मला सगळ्यांनी पाणी दिलं, चहा दिला, जेवू घातलं. कुणी उपाशी पाठवलं नाही. पण इतक्या वर्षांत मला एकाने विचारलं नाही, मॅडम, तुमची गाडी किती वाजता आहे? तुम्हाला जायचं कधी? माझी गाडी जाते, मी बसून राहते. मला उठता येत नाही. माझे पाय बघा."

तिने साडीची कड जरा वर केली. घोटे सुजून गोल झाले होते. रत्ना आणि भाविका बघत राहिल्या.

"तुम्हाला जे वाईट वाटलं ना काल," कोकिळा म्हणाली, "ते मला कळतं. आमच्याही घरी पाहुण्याला कोणी विचारत नाही. पण मी दमलेय, अक्का. मला कुणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

बेबाबाईने हातातल्या कापसातली एक काडी काढून बाजूला टाकली. मग म्हणाली, "मॅडम, तुमले माहीत शे का, मी आठे कसी उनू?"

कोकिळाला अर्धवट माहीत होतं. गावाला माहीत असतं तेवढं.

"सासरहून उनू. एक पिशवी लिसन. प्रेमराज तव्हय चौथीमा व्हता. बाप जिता व्हता, माय जिती व्हती." ती भाविकाकडे न बघता बोलत होती. "मायनी पानी दिधं. बापनी बाज टाकी दिधी. दुसरा दिन गया, आठ दिन गयात, साल गयं. कोन्ही इचारं नही, बेबा, तू कव्हय जाशी? माय मरनी, तिनी बी नही इचारं. हाई रत्ना लगीन करीसन उनी, तिनी बी नही. एकदाव जरी कोन्ही इचारं असतं ना, मी इहिरमा उडी टाकी देती. नही इचारं, म्हनीसन मी जगनू."

रत्नाने पदराने तोंड पुसलं. भाविकाने आपल्या फुईकडे असं पाहिलं, जसं त्या घरात या बाईला आजवर कोणी पाहिलंच नसावं.

कोकिळाला आपल्या गाडीचं दुःख आता फार लहान वाटत होतं, आणि तरीही पाय दुखायचे थांबले नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

भाविकाच खाली बसली, बेबाबाईच्या पुढ्यात, कापसाच्या ढिगाला लागून. "फुई," ती म्हणाली, "जो राहवाले येस त्याले मी नही इचारनार. पन तठे येतस त्या समदा जावाकरताच येतस. त्यासनं घर दुसरीकडे शे. त्यासनी बी गाडी ऱ्हास."

बेबाबाईने तिच्याकडे पाहिलं. "लई बोलाले शिकनी." मग हातातला कापूस ढिगावर टाकून ती एकदम उठली आणि मागल्या दाराकडे तोंड करून ओरडली, "प्रेमराज! ए प्रेमराज! मोटरसायकल काढ. मॅडमनी गाडी जाई राहिनी, आनि तू तठे काय ढोरंसंगे बोली राहिना?"

प्रेमराज हात पुसत पुढे आला. कोकिळाने ताटातली भाजी कशीबशी संपवली, कारण ती टाकून उठणं तिलाही जमणारं नव्हतं. बेबाबाईने तिला उंबऱ्यापर्यंत सोडलं. परवानगीचं ती काही बोलली नाही, आणि कोकिळाने विचारलं नाही.

प्रेमराजने तिला मोटरसायकलवर मागे बसवलं. वाटेत कापसाने भरलेल्या गाड्या लागत होत्या, त्यांच्या मागे मागे जावं लागत होतं. पारोळ्याला पोहोचेपर्यंत धुळ्याची गाडी निघून गेलेली होती. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने "आता जळगावहून येणारी, तिची वाट बघा" असं मान वर न करता सांगितलं. कोकिळा बाकावर बसली. प्रेमराज म्हणाला, "मी थांबतो, मॅडम."

"नका थांबू, भाऊ. अंधार पडेल तुम्हाला."

तो थांबलाच. समोरच्या टपरीवरून त्याने दोन चहा आणले. तिने तोही घेतला.

थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, दोनदा "बरं" म्हणाला आणि फोन तिच्या हातात दिला. पलीकडे भाविका होती, आणि तिच्या मागे बेबाबाईचा आवाज.

"मॅडम, फुई म्हणते, दिवाळीच्या पाडव्यानंतर पाठवते. पण..." मागून काहीतरी सांगितलं गेलं. "पण म्हणते, आधी पाणी. मग बसायला. मग नाव. आणि निघणार कधी, ते सगळ्यात शेवटी. आणि तेही मी नाही विचारायचं, दुसऱ्या ताईंनी विचारायचं. आणि पहिल्या दिवशी ती सोबत येणार."

"आत येणार?"

फोनवर कुजबुज झाली. "म्हणते, बाहेर बसेन. वॉचमनजवळ."

कोकिळाने ललितला फोन लावला आणि जसं ऐकलं तसं सांगितलं.

"मॅडम, काउंटरवर एका पाहुण्याला पाच मिनिटं लागली तर मागे रांग लागते."

"हो, सर."

"तारीख दुसरीने विचारायची, म्हणजे मला त्या कामाला दोन मुली ठेवाव्या लागतील."

"हो."

"काउंटरवर मग नाही ठेवता येणार. जेवणाच्या हॉलमध्ये ठेवतो. तिथे पाणी आधीच द्यायचं असतं." तो जरा हसला. "पंधरा दिवसांनी बघू, तिची फुई काय म्हणते ते."

काउंटरसाठी तयार झालेली मुलगी पाण्याचे ग्लास भरणार होती. कोकिळाला क्षणभर वाटलं, भांडावं. वर्षभर शिकवलेलं, तो आवाज, ते सरळ उभं राहणं. मग तिने विचार केला की मुलगी जातेय, आणि मागच्या वर्षी पाचातली एकही गेली नव्हती.

"चालेल," ती म्हणाली. "नाव लिहून घ्या, सर. भाविका प्रेमराज पाटील."

जळगावची गाडी आली ती खचाखच भरलेली. चाकावरच्या सीटवरसुद्धा दोघं बसले होते. प्रेमराजने तिची पर्स वर दिली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभा राहिला. कोकिळा दरवाजाजवळच्या दांडीला टेकून उभी राहिली. घरी फोन करून तिने रुपचंदला जेवून घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, थांबतो. ती म्हणाली, "नको, जेवा. मी जेवलेय." पुढे मुकटीच्या फाट्यावर काही माणसं उतरली आणि एका बाईने तिला सरकून जागा दिली. ती बसली, चपला काढल्या, आणि पाय पुढच्या सीटखालच्या आडव्या पट्टीवर ठेवले. भाविकाचं झालं. आता पुढच्या वर्षासाठी अकरावीतल्या मुलींपैकी उद्या कोणाच्या घरी जायचं, हे ती मनात ठरवू लागली, पण ते ठरायच्या आतच तिला झोप लागली.